सोडल्यावरचं माप

हातमागाच्या वर्गात पहिल्या दिवशी काय शिकवता, असं मला बरेच जण विचारतात. उत्तर ऐकून त्यांची निराशा होते. पहिल्या दिवशी आम्ही मोजायला शिकवतो. पंचवीस इंचांत दोनशे उभे धागे, म्हणजे इंचाला आठ. दुसऱ्या दिवशीही मोजणीच. धोटा एका हातातून दुसऱ्या हातात सरकवायचा झटका, रंग, नक्षी, हे सगळं दहाव्या दिवसानंतर. पहिल्या आठवड्यात कुणी विचारलं, सर, विणायचं कधी, तर मी सांगतो की आपण विणतोयच, फक्त अजून कापड दिसत नाही.

मी जन्मानं विणकर नाही. भोसरीच्या एका कारखान्यात पंचवीस वर्षं इन्स्पेक्शन खात्यात होतो. गाडीच्या गिअरबॉक्समधला एक भाग माझ्यासमोर यायचा, मी तो मोजायचो, चुकला असेल तर लाल टॅग लावायचो. एवढंच काम, पण ते नीट केलं. एक्कावन्नाव्या वर्षी कंपनीनं स्वेच्छानिवृत्ती दिली. तिच्यात स्वेच्छा किती होती हा वेगळा विषय. सांगवीच्या घरी दीड महिना बसून काढला. त्या दीड महिन्यात सगळ्या पोळ्यांचा व्यास सारखा नसतो हे मी एकदा बायकोला मोजून दाखवलं. दुसऱ्या दिवशी तिनं पेपरातली एक जाहिरात कापून माझ्या ताटाशेजारी ठेवली. तळवड्याला महिलांसाठी हातमाग प्रशिक्षण केंद्र चालवणाऱ्या एका संस्थेला माल तपासायला माणूस हवा होता.

मी तपासनीस म्हणून लागलो. वर्षभरात शिकवणाऱ्या बाई नवऱ्याच्या बदलीमुळे नाशिकला गेल्या, दुसऱ्या मिळेनात. संस्थेनं मला चार महिने सोलापुरात एका विणकर कुटुंबात शिकायला पाठवलं आणि परत आलो तो मास्तर होऊन.

ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. माग म्हणजे लाकडी चौकट. तिच्यावर उभे धागे सतारीच्या तारांसारखे ताणून बसवलेले असतात. पायाखालची पट्टी दाबली की निम्मे धागे वर उचलले जातात, निम्मे खाली राहतात. मधल्या फटीतून आडवा धागा घालायचा, फणीनं ठोकून आधीच्या ओळीला भिडवायचा, मग दुसरी पट्टी दाबायची. विणलेला भाग पोटाजवळच्या रुळावर गुंडाळत जायचा. बस्स. बाकी सगळं सवयीचं काम.

आधीच्या तुकड्या सुताची बस्करं, म्हणजे खाली बसायची छोटी आसनं, विणायच्या. मी सांगतोय त्या तुकडीपासून आम्ही आडव्या धाग्याच्या जागी चिंध्या वापरायला लागलो. बनियनच्या कारखान्यांतली कातरण आपल्या औद्योगिक भागात पोत्यांनी येते, कारण प्रत्येक कंपनीत यंत्रावरचं तेल पुसायला तीच लागते. ज्या कापडानं मी पंचवीस वर्षं माझी मापाची गेज पुसली, त्याचीच बस्करं करायला मी शिकवू लागलो.

तुकडी बारा जणींची, माग सहा. एका मागावर दोघी. एक विणते तेव्हा दुसरी चिंध्यांच्या पट्ट्या कापते आणि गुंडाळ्या भरते. चार महिन्यांनी परीक्षा. परीक्षक बाहेरून येतात. जी पास होईल तिला संस्था एक माग घरी वापरायला देते, आणि तिनं स्वतः विणलेला मालच संस्था विकत घेते. म्हणून बायका येतात. कंपनीत कंत्राटावर घेतात आणि सात महिन्यांनी नको म्हणतात, घरच्या मागाला तसं म्हणता येत नाही.

वर्ग सुरू व्हायच्या आदल्या दिवशी चाकणच्या अलीकडच्या एका गावातून फोन आला. वयस्कर आवाज, सावकाश बोलणारा. त्यांना गावात आबा म्हणतात हे पुढे कळलं. जमीन बरीचशी कंपन्यांखाली गेलेली, मुलगा कंपनीत शिफ्टला, आणि त्यांची सून मनीषा हिचं नाव आमच्या यादीत होतं.

"सूनबाईला पाठवतो," ते म्हणाले, "पर येकटी न्हाई यायची. तिच्यासंगं आमची मंडळी बसंल."

किती दिवस, मी विचारलं. शिकणं आहे तोवर, ते म्हणाले. केंद्रात खुर्च्या बारा होत्या. मी शेजारच्या गाळ्यातून तेरावी आणून ठेवली.

मंडळी म्हणजे हौसाबाई. वय अठ्ठावन्न, अंगानं बारीक, नऊवारी, हातात पिशवी. मनीषा सत्तावीसची, बारावी झालेली, लग्नाआधी एका कंपनीत पॅकिंगला होती. दोघी रोज सकाळी बसनं यायच्या. पहिले तीन दिवस हौसाबाई तेराव्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसल्या. मी दोनशे धागे मोजून घेत होतो आणि त्या माझ्याकडे, वळवाच्या ढगाकडे बघावं तशा बघत होत्या. चौथ्या दिवशी त्यांनी चिंध्यांचं पोतं पुढं ओढलं. संध्याकाळपर्यंत सहाही मागांच्या गुंडाळ्या भरून तयार, आणि प्रत्येक गुंडाळी सारखी. मी काही दाबून पाहिल्या. एकही सैल नव्हती.

त्या दिवशी निघताना त्या टेबलाशी आल्या. "सर, माजं बी नाव लिवा."

मी त्यांना नियम दाखवला. प्रवेश अठरा ते पंचेचाळीस.

"मग पंचेचाळीस लिवा."

मी म्हटलं, आधार कार्डावर काय आहे? त्यांनी कार्ड काढलं, दोघांनी मिळून पाहिलं. अठ्ठावन्न होतं. मी नाव लिहिलं नाही. त्या रागावल्या नाहीत, फक्त कार्ड पिशवीत ठेवताना सुनेला म्हणाल्या की ह्या सरांना तेरा वर्षं जड झाली.

हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण मी नियमानं वागलो असंच तेव्हा वाटत होतं.

एक मात्र त्यांनी कुणाला न विचारता सुरू केलं. विणणारीच्या मागं उभं राहून ओळी मोजणं. आमच्या बस्कराला एकशे चव्वेचाळीस ओळी लागत. मी भिंतीवर दहा-दहाच्या चौकटींचा तक्ता लावला होता. हौसाबाई दहानं मोजत नसत, विसानं मोजत. वीस झाले की एक इसा. बोटांच्या पेरांवर अंगठा फिरत राहायचा आणि मध्येच आवाज यायचा, "मनीषा, चार इसा आन सात झाल्या." मी जाऊन तक्त्यावर पाहायचो. सत्त्याऐंशी. पहिल्या महिन्यात मी ही तपासणी रोज केली. दुसऱ्या महिन्यात आठवड्यातून एकदा. एकदाही चूक सापडली नाही, याचं मला थोडं वाईटच वाटत असे.

माझी स्वतःची शिस्त कारखान्याची होती. खिशात पोलादी टेप. कड पाव इंचानं आत आली की विणलेलं उसवायला लावायचो. बायकांनी माझं नाव पाव इंच ठेवलं होतं. मी दारात दिसलो की आतून हळूच आवाज यायचा, "आले गं पाव इंच." मला ऐकू येतं हे त्यांना माहीत होतं.

या शिस्तीपायी एक बाई गेली. सुनंदा, परभणीकडची, चिखलीला राहायची. हात चांगला होता, पण घाई. तिला मी तिसऱ्यांदा उसवायला सांगितलं तेव्हा तिनं धोटा मागावर आडवा ठेवला आणि पदर झटकला. "सर, कंपनीत बी असंच करायचे. म्हणून तं सोडली." दुसऱ्या दिवशी आली नाही. मी दोनदा फोन केला, एकदा घरी गेलो. घराला कुलूप होतं. पुढे कळलं की ती निगडीत शिवणकाम करते आणि बरं चाललंय. तरी माझ्या यादीत बाराच्या अकरा झाल्या, त्या माझ्यामुळे झाल्या. लाल टॅग लावला म्हणून माल उठून घरी जात नाही, माणूस जातो. ती टॅगची सवय मला तोवर मोडायला हवी होती.

दुसरी गोष्ट त्याच सुमाराची. एका दुपारी मनीषाचं बस्कर पाहताना मला बारा ओळी वेगळ्या दिसल्या. एक्केचाळीस ते बावन्न. हात बदललेला कळतो. ठोका वेगळा पडतो, जसं फोनवर आवाज बदलला तर कळतं. मी विचारलं. मनीषा सासूकडे बघायला लागली आणि सासू छताकडे. मुलीच्या अंगणवाडीतून फोन आला म्हणून मनीषा बाहेर गेली होती, तेवढ्यात हौसाबाई मागावर बसल्या होत्या.

"रिकामा माग बगवंना," त्या म्हणाल्या.

मी त्या बारा ओळी उसवायला लावल्या. परीक्षार्थीच्या मागावर दुसऱ्याचा हात चालणार नाही. त्या पट्ट्यात दोन्ही कडा सरळ होत्या हे मला दिसलं होतं. का सरळ होत्या, हे मी विचारलं नाही.

तिसऱ्या महिन्यात गोष्टीला वळण लागलं. चाकणच्या बाजूला गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणारा एक कारखाना आहे. त्यांचा माणूस केंद्र पाहायला आला, आणि तक्ता कोण भरतं म्हणून विचारलं. तक्ता मनीषा भरायची. मी रजेवर असलो तर टेपही तिच्याकडे असायची, आणि ती माझ्यापेक्षा कडक होती असं इतर बायका सांगतात. त्यानं तिला तिथल्या तिथं तपासणीच्या कामाला बोलावलं. कायमची नोकरी, दिवसपाळी, जायला-यायला गाडी.

मनीषानं लगेच होकार दिला नाही. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हौसाबाईच माझ्याकडे आल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. आबांचं म्हणणं असं की माग घरात येणार म्हणून शिकायला पाठवली, नोकरीसाठी नव्हे. मनीषाला नोकरी हवी होती. पण ती नोकरीला गेली तर दिवसाचे दहा तास बाहेर, माग चालवणार कोण, आणि चालत नसलेला माग संस्था परत नेते. ती घरी राहिली तर माग राहील, पण पोरगी चार भिंतींत राहील.

मग त्या म्हणाल्या, "ह्या पोरीनं मागापायी घरात बसावं असं मला न्हाई वाटत. पर सर, माग बी पायजे. मला पायजे."

मला पायजे हे शब्द त्यांनी असे उच्चारले की मी माझा डबा बंद केला. अठ्ठावन्न वर्षांत त्यांनी ते कितीदा उच्चारले असतील याचा मला अंदाज करता येईना. जमीन नवऱ्याच्या नावावर होती, घर मुलाच्या. माझ्याकडे देण्यासारखं उत्तर एकच होतं, आणि ते अठरा ते पंचेचाळीस असं होतं. मी तेच दिलं.

परीक्षा शनिवारी होती. पद्धत अशी की परीक्षेचं बस्कर मागावरच ठेवायचं. परीक्षक आल्यावर, त्यांच्यासमोर, मागाला हळदकुंकू लावून मग कापून उतरवायचं. सोलापूरच्या घरीही तसंच करत. आधी उतरवलं तर कुणी कुणाचं विणलं हे सांगता येत नाही, हा त्यातला व्यवहार. माप चोवीस बाय चोवीस इंच, अर्ध्या इंचापर्यंत चूक माफ. मागावरून उतरल्यावर कापड थोडं आक्रसतं हे मला सोलापुरात शिकवलं होतं, म्हणून मी एक इंच जास्त धरून प्रत्येक मागावर पंचवीस इंचांवर खडूनं खूण केली होती. बुधवारी दुपारी अकराही बस्करं तयार होती, सहा मागांवर एकापुढं एक विणलेली. मी टेप लावली. सगळी पंचवीस, केसाचाही फरक नाही. कडा तर इतक्या घट्ट की बोट फिरवलं तरी लाकडाची वाटावी. चिंध्यांची पट्टी घालताना चांगली खेचून घाला, असं मीच सांगितलं होतं.

हौसाबाईंनी पहिल्या मागावरच्या कापडावर तळहात ठेवला. वरून दाबलं. मग म्हणाल्या, "ही ल्हान व्हनार."

मी म्हटलं, एक इंच जास्त धरलाय.

"इंचानं न्हाई भागायचं. ह्ये ताणल्यालं माप हाय, सर. सोडल्यावरचं बगा."

मला राग आला, हे कबूल करतो. मी विचारलं की तुम्ही किती बस्करं विणलीत. त्या म्हणाल्या, एकही नाही, तुम्ही कुठं विणू दिलं. बायका हसल्या. मग त्यांनी सांगितलं की त्यांचे वडील गावोगाव फिरून बाजा, म्हणजे दोरीच्या खाटा, विणून द्यायचे. घरात मुलगा नाही, म्हणून दोरी ओढायला हौसाबाई. बाजेची दोरी ओढताना छान टणक वाटते, पण ती सारखी मागं यायला बघते. नव्या दोरीला ओढ किती द्यायची आणि मोकळीक किती, हे न कळणाऱ्यानं विणलेली बाज आठ दिवसांत चौकटीचं लाकूड वाकडं करते. आणि बनियनचं कापड तर दोरीहूनही जास्त मागं येतं. ते खेचून घातलं की ते कडांना आत ओढणार.

लोखंड शिकंज्यातून काढल्यावर लहान होत नाही. माझी पंचवीस वर्षं लोखंडात गेली आणि शिकण्याचे चार महिने सुतात. चिंध्या माझ्यासाठीही पहिल्यांदाच होत्या. हे मी तेव्हा मोठ्यानं म्हणालो नाही. पहिल्या मागाच्या रुळाची कळ सोडली. धागे सैल पडले. टेप लावली. साडेतेवीस. ते बस्कर कापून फरशीवर ठेवलं, वीस मिनिटं पडू दिलं आणि पुन्हा मोजलं. लांबी पावणेतेवीस, रुंदी त्याहून थोडी कमी.

अकराच्या अकरा नापास होणार होत्या, आणि अकराही जणींनी मी सांगितलं तसंच केलं होतं.

मनीषानं तक्त्यावरचा खडू उचलला आणि भिंतीवर हिशेब मांडला. दोन दिवस हातात. एका दिवसात एका मागावर एक बस्कर होतं. सहा माग, दोन दिवस, बारा बस्करं. आपण अकरा. तिनं ते लिहून खडू खाली ठेवला आणि म्हणाली, "सर, बसतंय."

बुधवारची संध्याकाळ विणलेलं कापून काढण्यात आणि उरलेले उभे धागे पुन्हा रुळाला बांधण्यात गेली. कापलेली बस्करं बायका घरी घेऊन गेल्या. पायपुसणी म्हणून ती अजून कुठं कुठं असतील. नवं माप हौसाबाईंनी आणि मी मिळून ठरवलं. मी आकडा काढला, सव्वासव्वीस इंच. त्यांनी हात ठेवून सांगितलं, एक वीत, तीनदा, वर थोडं. दोन्ही एकाच ठिकाणी आलं. पट्टी घालायची पद्धत त्यांची. सरळ खेचायची नाही, फटीत डोंगरासारखी उंच ठेवायची आणि मग फणीनं खाली बसवायची, म्हणजे तिला आक्रसायला जागा राहते. किती उंच? त्यांनी बोट आडवं धरलं. एक बोट.

गुरुवारी सहा झाली. शुक्रवारी पाच जणी बसल्या आणि सुनंदाच्या मागावर कुणीच नव्हतं. मी हौसाबाईंना म्हटलं की नव्या मापाचा एक नमुना विणून ठेवा, तपासायला उपयोगी पडेल. नमुना हा शब्द मी मुद्दाम वापरला. नमुना कुणीही विणू शकतं, त्याला वयाची अट नाही. त्या जाऊन बसल्या. पदर खोचला, पट्ट्यांवर पाय ठेवून दोनदा दाबून पाहिल्या आणि मग दुपारच्या चहालाही उठल्या नाहीत. मनीषा त्यांच्या मागं उभी राहून ओळी मोजत होती, सासूसारखीच इसा धरून.

शनिवारी परीक्षक बाई आल्या. इचलकरंजीकडच्या, चाळीस वर्षं मागांच्या आवाजात राहिल्यामुळे मोठ्यानं बोलणाऱ्या. मागांना हळदकुंकू झालं, एकेक बस्कर उतरलं, फरशीवर ओळीनं मांडलं. अर्धा तास पडू दिलं. सगळ्या जणी भिंतीला टेकून उभ्या होत्या. बाईंनी गुडघ्यावर बसून मोजायला सुरुवात केली. चोवीस. पावणेचोवीस. चोवीस. सव्वाचोवीस. अकराही आत बसली. बारावं आलं. बाईंनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, कडेवरून नख फिरवलं आणि विचारलं, "हे कुणाचं? ह्याला नंबर नाही."

मी म्हणालो, नमुना आहे.

"कसला नमुना?"

इथं मला दोन रस्ते होते. नमुना म्हणजे नमुना असं म्हणून पुढं जाता आलं असतं. अकरा जणी पास झाल्या होत्या, केंद्राचं नाव राहिलं होतं, माझी चूक पायपुसणी होऊन घरोघरी गेली होती. पण समोर अकरा बायका उभ्या होत्या ज्यांना मी चार महिने पाव इंचावरून उसवायला लावलं होतं. मी सगळं सांगितलं. माप माझं चुकलं, ते कुणी पकडलं, नवं कुणी सुचवलं, हे कुणी विणलं, आणि तिचं नाव यादीत का नाही.

बाईंनी हौसाबाईंना पुढं बोलावलं. पट्टीला किती ढील देता, असं विचारलं. हौसाबाईंनी बोट दाखवलं. कुणी शिकवलं? "बाजंनं," त्या म्हणाल्या. बाईंनी त्यांना मागावर बसवून दहा ओळी विणायला लावल्या आणि दहाही ओळी शेजारी उभं राहून पाहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. पंचेचाळीसची अट कशाला आहे, त्यांनी विचारलं. प्रवेशाला, मी म्हणालो. परीक्षेला आहे का? मी परीक्षेच्या सूचनांचं पुस्तक काढलं. चौदा पानं आहेत. ती मी अनेकदा वाचली होती, पण प्रवेशाचे नियम डोक्यात ठेवून. बाई उभ्याउभ्या पानं उलटत गेल्या आणि अकराव्यावर थांबल्या. बाहेरून बसणाऱ्या उमेदवाराचा रकाना होता. वय लिहायचं होतं, वयाची मर्यादा नव्हती.

"दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरतात, तसं समजा," त्या म्हणाल्या. "लिहा नाव."

मी फॉर्म भरला. वय अठ्ठावन्न लिहिलं. सहीच्या जागी हौसाबाईंनी पूर्ण नाव लिहायला घेतलं, नवऱ्याच्या नावासकट, एकेक अक्षर ओळीवर बसवत. त्यांची सही होईपर्यंत मनीषा शेजारी उभी होती. नंतर ती कुणालाही न सांगता बाहेर जाऊन सीटच्या कारखान्याला फोन करून आली. सोमवारपासून येते, एवढंच तिनं सांगितलं होतं.

हौसाबाई पास झाल्या. त्यांच्या नावचा माग पोचवायला मी टेम्पोबरोबर गेलो, कारण जागा मोजून द्यावी लागते. ओसरीवर सहा बाय पाच फूट बरोबर बसत होतं. आबा खांबाला टेकून सगळं बघत होते. माग आत आला आणि सून कामाला बाहेर गेली, हे उलटंच झालं, असं त्यांनी मला ऐकू येईल एवढ्या आवाजात टेम्पोवाल्याला सांगितलं. हौसाबाई मागाचे खिळे तपासत होत्या.

दिलेल्या मागांची दर तीन महिन्यांनी पाहणी करायची असते. तीन महिन्यांनी मी पुन्हा गेलो, न कळवता, कारण पाहणीला कळवून जायचं नसतं. ओसरीवर मागावर अर्धं विणलेलं बस्कर होतं, कडा सरळ. मागावर कुणी नव्हतं. आबा खाली फरशीवर पाय पसरून बसले होते, पुढ्यात चिंध्यांचं पोतं, हातात अर्धी भरलेली गुंडाळी.

हौसाबाई कुठं आहेत, मी विचारलं.

"शेजारच्या गावाला गेल्यात. तिथं चार बायांनी बोलावलं, शिकायला." त्यांनी गुंडाळीला एक वेढा दिला. "ह्या येवढ्या भरून ठिवा म्हनाल्या, मी यायच्या आत."

एकट्या गेल्या?

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "संगं कोन जानार? सूनबाई कंपनीत, पोरगं शिफ्टला, नात अंगणवाडीत. घरात रिकामा मीच." मग हातातली गुंडाळी त्यांनी माझ्यापुढं धरली. "सर, ही बगा बरं. ती आली की दाबून बगती."

मी दाबून पाहिली. सैल होती. तसं सांगितलं. आबांनी चष्मा वर सरकवला आणि सगळी पट्टी उलगडून पहिल्यापासून गुंडाळायला घेतली.